नवी बॅटरी, नवा रिले, तरी सेल्फवर नुसतं टक-टक (१२५ सीसी, बीएस फोर)

पऱ्हाटी, ता. दारव्हा
९ डिसेंबर, रात्री १०:२०

राजेहो, गाडी चालू नाही होऊन राहिली आणि आता माझं डोकं चालेनासं झालं. जरा लांबण लावतो, पण सगळंच सांगतो.

१२५ सीसी, २०१९ चं मॉडेल, बीएस फोर, कार्बोरेटरवाली. ५२ हजार चालली. सकाळी किंवा रात्री गाडी थंड असली की सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतं टक-टक-टक-टक. न्यूट्रलचा हिरवा दिवा त्या वेळी मिणमिणतो. हॉर्न कडक वाजतो, इंडिकेटर बरोबर. किक मारली तर तिसऱ्या-चौथ्या किकला चालू होते. दुपारी गरम गाडीवर कधी कधी सेल्फही घेते, जड फिरते पण घेते.

दिवाळीच्या आधी नवी बॅटरी टाकली. मग रिले बदलला, म्हणजे बटण दाबलं की सेल्फला करंट जोडणारा स्विच. मग चावीच्या स्विचमध्ये स्प्रे मारला. आता मिस्त्री म्हणतो सेल्फ मोटर गेली, नवी टाका. त्याच्याही आधी श्रावणात रिंग-पिस्टनचं काम झालं, इंजिन खाली उतरवलं होतं. तेव्हापासून क्लचची वायरही दोनदा बदलली, महिन्याभरात एकदम जड होऊन जाते. तो खर्च वेगळाच.

गाडी माझ्यापेक्षा जास्त बाबा चालवतात. हरभऱ्याला पाणी चालू आहे आणि या आठवड्यात लाइन रात्रीची आहे. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, किक त्यांना जमत नाही. परवा रात्री दोन वाजता मोटर बंद करून निघाले तर गाडी चालूच झाली नाही. अडीच किलोमीटर पांदण रस्ता, दोन्ही बाजूंनी तूर उभी, त्यात रानडुकरं. पायी आले. मी त्या रात्री यवतमाळला होतो, मला सकाळी कळलं.

सेल्फ मोटर टाकू का? टाकूनही नाही झालं तर पुढं काय, ते मला समजत नाही.


संत्राबाग, वरूड
९ डिसेंबर, रात्री १०:४५

भाऊ, नवी बॅटरी म्हणजे चांगलीच बॅटरी असं नाही. दुकानदार ॲसिड भरतात आणि पहिलं चार्जिंग न करताच गाडीत बसवून देतात. ती बॅटरी कधीच पूर्ण ताकदीवर येत नाही. एकदा बाहेर काढून हळूहळू रात्रभर चार्ज करून पाहा. तोपर्यंत बाबांना सांगा, दुसऱ्या गिअरवर उतारावरून सोडायची.


पऱ्हाटी
९ डिसेंबर, रात्री १०:५२

उतार नाही भाऊ आमच्याकडे, काळं सपाट वावर. बॅटरी आजच चार्ज करून आणली.


आयटीआय वायरमन, आर्वी
९ डिसेंबर, रात्री ११:३०

मोटर अजिबात घेऊ नका. आतापर्यंत तुमच्या गाडीत दोन वस्तू अंदाजाने बदलल्या, तिसरीही अंदाजानेच बदलायला निघाले. एकदाही कोणी मोजलेलं नाही.

तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात अडीच-तीनशे रुपयांत डिजिटल मल्टीमीटर मिळतो. तो घ्या. डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि एवढंच करा.

सकाळी गाडीला हात लावण्याआधी, चावी बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर किती व्होल्ट ते लिहा. मग मीटर तिथेच धरून कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. दाबलेलं असताना आकडा किती खाली जातो ते लिहा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवरच टेकवा, वायरच्या बोल्टवर नको.

१२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली बॅटरी. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी, अशा बॅटरीचा हॉर्न वाजेल पण इंजिन फिरणार नाही.

एक सांभाळा. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात लावून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका. त्या मीटरची ताकद १० अँपिअरची असते, सेल्फ त्याच्या कितीतरी पट ओढतो.


पऱ्हाटी
१० डिसेंबर, सकाळी ८:०५

मीटर शेजारच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणला. सकाळी साडेसहाला, चांगली थंडी होती. चावी बंद: १२.६८. सेल्फ दाबून: आकडा नाचतो, पण ११.९ च्या खाली गेला नाही. टक-टक चालूच.


आयटीआय वायरमन, आर्वी
१० डिसेंबर, सकाळी ९:१५

बॅटरीला आता कोणी नाव ठेवू नका. ती निर्दोष आहे.

कसं ते सांगतो. धडधाकट सेल्फ फिरताना बॅटरी दहा-अकरा व्होल्टपर्यंत दबते, कारण तो खूप करंट ओढतो. बॅटरी खराब असती तर आकडा नऊच्या, आठच्याही खाली कोसळला असता. तुमचा ११.९ वर टिकला, म्हणजे सेल्फपर्यंत पुरता करंट पोचतच नाही. बॅटरी द्यायला तयार आहे, रस्ता बंद आहे.

रस्ता असा: बॅटरीचा प्लस, रिले, जाड वायर, सेल्फ मोटर, तिच्या फिरत्या भागाला करंट देणारे आतले कार्बन, मोटरची बॉडी, इंजिन, आणि तिथून जाड काळ्या-हिरव्या वायरने परत बॅटरीचा मायनस. यात कुठंतरी अडलं आहे. रिले नवा आहे. माझा पहिला संशय कार्बनवर. ५२ हजारांत ते झिजतात. एकाने सेल्फ दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मोटरच्या बॉडीवर पान्याच्या मुठीने हलकं ठोकायचं. कार्बन अडकला असेल तर मोटर एकदम फिरते. करून पाहा.


झाडीपट्टी, ब्रह्मपुरी
१० डिसेंबर, सकाळी ११:४०

मधेच बोलतो. माझीही गाडी अशीच बंद पडली होती, पण तिच्यात टकसुद्धा नाही. धान घरात आलं की उंदीर येतातच. हेडलाइटच्या मागे वायरींच्या जोडांच्या (कपलरच्या) गुच्छात उंदराने घर केलं होतं, दोन वायरी कुरतडलेल्या. गाडी कोठीजवळ लावत असाल तर टाकीखाली आणि हेडलाइटमागे एकदा टॉर्च मारा.


पऱ्हाटी
१० डिसेंबर, दुपारी १:२०

उंदराचं काही नाही, पाहिलं. ठोकूनही पाहिलं, पाच-सहा वेळा. फरक शून्य.

एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो, कामाची आहे का माहीत नाही. न्यूट्रलमध्ये सेल्फ दाबला की टक-टक-टक. पण क्लच दाबून सेल्फ दाबला की एकच टक, मग शांत. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच.


सालेकसाची ताई
१० डिसेंबर, दुपारी २:१०

माझी बीएस सिक्स स्कूटर आहे, सेल्फ दाबल्यावर कसलाच आवाज नाही. दिवे लागतात. माझंही बॅटरीचंच असेल का? आठवड्यातून तीन दिवस गावोगाव जावं लागतं हो, बसचा भरवसा नाही.


आयटीआय वायरमन, आर्वी
१० डिसेंबर, दुपारी २:५०

ताई, तुमचं वेगळं. टकही नाही म्हणजे रिलेपर्यंत हुकूमच जात नाही. स्कूटरला ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, म्हणून आधी पाहा, दोन्ही ब्रेक एकेक दाबून मागचा लाल दिवा लागतो का. एका ब्रेकवर लागला आणि दुसऱ्यावर नाही, तर तो स्विच गेला. लागणाऱ्या ब्रेकवर सेल्फ मारून बघा. दोन्हींवर लागत असेल तर साइड स्टँडचा स्विच. बांधीतला चिखल तिथं वाळून बसतो. पाण्याने सावकाश धुवा, स्टँड वीस-पंचवीस वेळा खालीवर करा. प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका, पाणी स्विचच्या आत शिरतं.


जुनं वायरिंग, मूर्तिजापूर
१० डिसेंबर, सायंकाळी ६:३०

पोट्टेहो, त्या बापूनं पहिल्याच दिवशी दुखनं सांगतलं, तुम्ही कोनं वाचलं नाई.

क्लचची वायर दोनदा कायले गेली? श्रावणाच्या आधी जात होती का? इंजिन उतरोलं आन् मंगच जाऊन राहिली ना? सांग बापू, ते काढलेली वायर घरी पडून असंल तर पाह्य. आतलं प्लास्टिक वितळलेलं हाये का? तार निळसर-काळी पडली का?

तीस वर्सं मी हेच काम केलं. इंजिनचं अर्थिंग, म्हंजे इंजिनातून बॅटरीच्या मायनसले जानारी जाड वायर, तुटलं का सेल्फचा करंट परत जाले दुसरी वाट पाह्यते. इंजिनावरून हँडलपर्यंत लोखंडाची तार कोन्ती जाते? क्लचची. आन् दुसरी? ॲक्सिलेटरची. करंट त्याच्यातून पयते, तार तापते, आतलं अस्तर वितळते, क्लच जड. मिस्त्री म्हन्ते वायर हलकी होती, दुसरी टाकते. ते बी जळते.

आन् तो एक टक आन् लय टकचा फरक. बऱ्याच गाड्याईत रिलेले न्यूट्रलच्या स्विचमधून मायनस भेटते. तो स्विच इंजिनात बसला हाये. सेल्फ दाबला, रिले लागला, मोटरनं करंट ओढला, अर्थिंग खराब म्हून सारं इंजिनच मायनसचं राह्यलं नाई. मंग रिलेचा मायनस गेला, रिले सुटला. सुटला का इंजिन पुन्हा बरोबर, पुन्हा लागला. टक-टक-टक. हिरवा दिवा बी त्याच्याच पायी मिणमिणते, त्याचा मायनस तोच. क्लच दाबला का रिलेले मायनस क्लचच्या स्विचमधून, चेसीवरून भेटते. तो पक्का हाये, म्हून एकच टक आन् धरून राह्यते.

तुह्या मोटरले काई झालं नाई. अर्थिंग पाह्य. आन् त्याच्याआधी ॲक्सिलेटरची तार पाह्य, आजच. ते आतून वितळून अटकली तर ॲक्सिलेटर तसाच उघडा राहीन, आन् रातच्याला पांदनीत बुढा मानूस गाडीवर. हे हसन्यावारी नेऊ नको.


पऱ्हाटी
१० डिसेंबर, रात्री ८:१५

काका, अंगावर काटा आला. जुनी क्लच वायर गोठ्यात बांधायला घेतली होती, आत्ता जाऊन सोडून आणली. चिरून पाहिली. आतली पांढरी नळी इंजिनकडच्या टोकाला वितळून तारेला चिकटली आहे. तार काळी. मिस्त्रीला दाखवली होती तेव्हा तो म्हणाला, सायलेन्सरची गरमी लागली. क्लचची वायर सायलेन्सरच्या जवळूनही जात नाही, आणि हे मला तेव्हा सुचलं नाही.

ॲक्सिलेटर सोडल्यावर परत येतो, पण थोडा सावकाश. बाबांना आज गाडी नेऊ दिली नाही, शेजाऱ्याच्या गाडीवर सोडून आलो.


आयटीआय वायरमन, आर्वी
१० डिसेंबर, रात्री ८:४०

काका, मान्य. मी क्लचच्या वायरीवरून पुढे गेलो, ती ओळ माझ्या नजरेतून निसटली.

पऱ्हाटी भाऊ, आता खात्री करून घ्या. मीटर डीसी २० वरच. काळं टोक बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. रंगावर नाही, एखादा बोल्ट घासून त्यावर. क्लच दाबून ठेवा म्हणजे रिले धरून राहील, आणि सेल्फ दाबा. दोन-तीन सेकंदच. चांगल्या अर्थिंगवर पाव व्होल्टच्या आत आकडा येतो.

कंटिन्युइटीच्या बीपवर, म्हणजे वायर जोडलेली आहे असं सांगणाऱ्या मीटरच्या आवाजावर, मात्र जाऊ नका. इथेच बरेच मिस्त्री फसतात. दशांश एक ओहमचा अडथळा असला तरी मीटर बीप देतो, कारण त्याच्या कितीतरी पट अडथळ्यालाही तो बीप देतच असतो. पण त्याच दशांश एक ओहममधून ५० अँपिअर जायचे म्हटले तर ५ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. बारापैकी पाच. म्हणून सेल्फचा रस्ता करंट चालू असतानाच मोजायचा, एरवी तो चांगलाच दिसतो.


पऱ्हाटी
११ डिसेंबर, सकाळी ७:५०

८.६ व्होल्ट.

तीनदा मोजलं. ८.६, ८.५, ८.६.

मग ट्रॅक्टरची जंप केबल घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या बोल्टला. फक्त काळी केबल, बाकी काही नाही. सेल्फ दाबला आणि अर्ध्या सेकंदात गाडी चालू. थंड गाडी. बंद करून परत, परत चालू. बाबा ओसरीवर चहा घेत होते, कप ठेवून उठून आले.

आता ती वायर नक्की कुठं बसते ते सांगा.


जुनं वायरिंग, मूर्तिजापूर
११ डिसेंबर, सकाळी ८:३०

बॅटरीच्या मायनसपासून हात लावत लावत जाय. गाडीगाडीत जागा येगळी, पन ते जाड वायर इंजिनच्या बोल्टावर नाई तर चेसीवर कुठंतरी थिंबलनं, म्हंजे वायरच्या टोकाच्या कड्यानं, कसलेली भेटनच. आधी बॅटरीचा मायनस खोल, मंग बाकीचं. बसोताना मायनस शेवटी. असं कायले, तर प्लस खोलताना पाना चेसीले लागला आन् मायनस जोडून असला का ठिनगी उडते, वरतं पेट्रोलची टाकी हाये.

थिंबल काढ. खालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पांढरा धातू काढ. थिंबलच्या दोन्ही बाजू घास. वायरची दोरी थिंबलात हिरवी पडली असंल तर कापून नवं थिंबल दाबून घे, नुसतं वळून नको टाकू. दातेरी वायसर टाक. घट्ट झालं का वरून व्हॅसलीन चोपड. आधी नाई, वरून.


पऱ्हाटी
११ डिसेंबर, सायंकाळी ५:१०

वायर इंजिनच्या मागच्या बोल्टवर होती. बोल्ट हाताने फिरला, पाना लावावाच लागला नाही. थिंबलखाली चंदेरी रंग. श्रावणात इंजिन उतरवलं तेव्हा वरून स्प्रे पेंट मारला होता, चांगलं दिसावं म्हणून, आणि थिंबल त्या रंगावरच ठेवून दिलं. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं काहीतरी. पुढचे दोन माउंटिंग बोल्टही रंगात माखलेले, म्हणजे चेसीतूनही नीट वाट नव्हती.

सगळं काका म्हणाले तसं केलं. नवं थिंबल दहा रुपयांचं. ॲक्सिलेटरची केबल बदलली, तीही आतून एका जागी मऊ झालेली होती. क्लचची पण बदलली, तिसऱ्यांदा.

आता सेल्फ मारताना मायनस ते इंजिन: ०.१४ व्होल्ट. आणि बॅटरी १०.८ पर्यंत दबते. आधी ११.९ वर थांबत होती. वायरमन भाऊ, तुम्ही सांगितलेलं आता समजलं, बॅटरीला काम करू दिलं की ती दबतेच.


आयटीआय वायरमन, आर्वी
११ डिसेंबर, सायंकाळी ६:००

फार बरं वाटलं. आता एक शेवटचं, चार्जिंग. इंजिन चालू, बॅटरीवर मीटर, ॲक्सिलेटर मध्यम. साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे. तेराच्या खाली राहिलं तर करंट तयार करणारी स्टेटर कॉइल किंवा व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बघावा लागेल. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळवून टाकतो. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे चार्जिंग जरा कमी पडलं तरी बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरते. लहान-लहान फेऱ्या असतील तर आणखीच.


पऱ्हाटी
११ डिसेंबर, सायंकाळी ६:२५

१४.१. बरोबर आहे.


संत्राबाग, वरूड
११ डिसेंबर, रात्री ९:००

मी उगाच बॅटरीच्या मागे लागलो, माफ करा. पण बॅटरीवरून एक विचारतो. बागेच्या कुंपणाच्या तारेला जनावरांसाठी झटका मशीन आहे. ढगाळ असलं की सोलर चार्ज होत नाही, मग दोन-चार रात्री गाडीची बॅटरी काढून मशीनला लावली. आता गाडी सकाळी घेत नाही. सकाळचे व्होल्ट १२.१. चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी तेवढेच.


आयटीआय वायरमन, आर्वी
११ डिसेंबर, रात्री ९:३५

ती बॅटरी बहुतेक गेली. गाडीची बॅटरी दोन-तीन सेकंद जोर लावून लगेच परत भरून घेण्यासाठी बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. झटका मशीन तिला रात्रभर थेंबथेंब पिऊन रिकामी करतं. १०.५ च्या खाली गेली आणि तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर बसतो, तो साध्या चार्जिंगने निघत नाही. एकदा हळू चार्जिंगवर चोवीस तास ठेवून पाहा, नंतर चोवीस तास नुसती ठेवून मोजा. १२.५ च्या वर टिकली तर वापरा. मशीनला वेगळी डीप सायकलची, म्हणजे हळूहळू खोलवर उतरणं सोसणारी, बॅटरी घ्या, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) ढगाळ रात्रीही येणारच आहेत. आणि ॲसिडची बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच. आरओचं चालत नाही, त्यातही क्षार असतात.


सालेकसाची ताई
१२ डिसेंबर, सकाळी १०:१५

डाव्या ब्रेकवर मागचा दिवा लागत नव्हता. उजवा दाबून सेल्फ मारला, लगेच चालू. मी नेहमी डावाच दाबत होते. आता स्विच आणायला गोंदियाला जाते, याच स्कूटरवर.


पऱ्हाटी
१४ डिसेंबर, सकाळी ७:३०

तीन रात्री झाल्या. काल बाबा पावणेतीनला घरी आले. मी जागाच होतो. वावरातून आमच्या घरापर्यंत रात्री गाडीचा आवाज येतो, सुरू झाल्याचा तो पहिला आवाज मी ऐकला, मग झोपलो.

काका, चुलतभावाच्या गाडीचंही मोजलं. त्याची काही तक्रार नाही, पण क्लच जड आहे म्हणत होता. सेल्फ मारताना मायनस ते इंजिन ०.९ आलं.


जुनं वायरिंग, मूर्तिजापूर
१४ डिसेंबर, सकाळी ८:१०

जास्त हाये. आजच खोल. आन् त्याले ॲक्सिलेटर सोडून दाखवाले सांग, परत कसा येते ते तू सोता पाह्य.